भाऊंचा पाय आणि आगाशीचा अळणी पाहुणचार

लेकीच्या सासरी जायचं तर आमंत्रण तरी लागतं, नाहीतर निमित्त. मला यंदा वैशाखात निमित्त मिळालं ते मोडक्या पायाचं. पाय माझा नव्हे, माझ्या व्याह्यांचा. त्यांना सगळा गाव भाऊ म्हणतो, म्हणून मीही भाऊच म्हणते. विरारच्या पश्चिमेला आगाशी आहे, तिथे त्यांची पानवेलीची आणि केळीची वाडी. होळीच्या आधी शिडीवर चढून वेल बांधत असताना शिडी सरकली आणि भाऊंचा डावा घोटा मोडला. ऑपरेशन झालं, आत स्क्रू बसले, आणि आता त्यांना पुन्हा पायावर उभं राहायचं होतं. एवढं मला फोनवरून ठाऊक होतं. मग एक दिवस लेकीचा, रेवतीचा, वेगळाच फोन आला.

"आई, तू चार दिवस येशील?"

"का गं, काय झालं?"

"काही नाही. नुसती ये."

मी कोरेगावच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं. "काही नाही" या उत्तराला मी कधी मार्क दिलेले नाहीत. ह्यांच्या जेवणाची सोय शेजारी लावली, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा भरला आणि एसटीत बसले. मनात एकच होतं, लेकीला कुणी काही बोलत असेल तर त्या माणसाची गाठ माझ्याशी आहे.

पहिलं जेवण

विरारला उतरून आगाशीची बस धरली. आधी बराच वेळ इमारतींमागून इमारती येत राहतात आणि वाटतं, कसली वाडी नि कसलं काय. मग रस्ता वळतो, घरं बसकी होतात आणि एकदम डोळ्यांवर सावली येते. आमच्याकडे वैशाखात हिरवं म्हणजे उसाचं रान आणि कॅनॉलची कड. इथे नारळ, त्याच्या पोटाशी सुपारी, तिच्या खाली केळी, आणि केळीच्या आडोशाला पानवेल, असं एकमेकांच्या अंगावर रेललेलं हिरवं. उकडतं मात्र भयंकर. बसल्याजागी घाम फुटतो आणि तो वाळत म्हणून नाही.

दारात विहीण उभ्या होत्या. कुसुमताई. अंगाने काटक, बोलायला कमी, अंबाड्यात वाडीतलाच चाफा. जावई बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रात. त्यामुळे घरात भाऊ, कुसुमताई आणि रेवती, आणि एका भिंतीपलीकडे भाऊंचे थोरले बंधू आप्पा. रेवती वसईत बँकेत जाते, ती संध्याकाळी यायची होती.

कुसुमताईंनी आधी पाण्याबरोबर सुकेळी दिली. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेला हा प्रकार आपल्याकडे कुणी खाल्लेला नसेल. रंग गुळासारखा, चव मधासारखी, आणि चावता चावता जुना खजूर आठवतो. मी दोन खाल्ली, तिसऱ्याला नको नको म्हणत हात पुढे केला. म्हटलं, सुरुवात तर गोड झाली.

मग पान वाढलं. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, केळफुलाची भाजी, ओल्या बोंबलाचं लालभडक कालवण, भात. पहिला घास घेतला आणि थांबले. मीठ नाही. भाजीत नाही, कालवणात नाही, भाकरीत तर नाहीच. वाटलं, गडबडीत राहिलं असेल. विहिणीच्या घरी मीठ मागणं म्हणजे तिच्या हाताला नाव ठेवणं, पण घास काही उतरेना.

"ताई, चिमूटभर मीठ मिळेल?"

कुसुमताई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मीठ संपलंय ओ."

बसमधून येताना खाडीकडे मिठागरं दिसली होती. तिथे मिठाच्या पांढऱ्या राशी आकाशाला लागलेल्या, आणि इथे घरात मीठ संपलंय. रात्री कढी आली, तीही अळणी. पाहुणचारात तोंडावर हसू आणि पानात हे असलं. आमच्याकडे दावा मांडायला एवढं पुरतं.

वाडीत

भाऊ दिवसभर ओटीवर कॉटवर बसून असत, डावा पाय उशीवर. माणूस मोठा गमत्या. घरच्यांशी ते त्यांच्या बोलीत बोलत, त्यातलं मला अर्धंमुर्धं कळे. माझ्याशी मात्र जपून, सावकाश, मला कळेल असं.

"या विहीणबाई. आमचा पाय बघायला साताऱ्याहून आलात. एवढा भाव पायाला कधी आला नव्हता."

मी म्हटलं, "पाय बघू द्या, मग भाव ठरवू."

त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. घोट्यात बसवले आहेत ते स्क्रू स्टीलचे नव्हेत, मॅग्नेशियमचे. हाड जुळेपर्यंत ते धरून ठेवतात आणि मग वर्ष-दीड वर्षात अंगातच विरघळून जातात. पुन्हा पाय फाडून काढावे लागत नाहीत. ही गोष्ट शोधून काढली रेवतीने. कारण असं, की मागे हर्नियाच्या वेळी भाऊंना भूल मानवली नव्हती, शुद्धीवर यायला फार जड गेलं होतं. घोट्याला मांस कमी, स्टीलचा स्क्रू बऱ्याचदा टोचत राहतो आणि नंतर काढावा लागतो. म्हणजे पुन्हा भूल. रेवतीला ती नको होती.

आप्पांना हे अजिबात पटलं नव्हतं. ते मुंबईला एका वर्कशॉपात लोखंडात उभे राहून रिटायर झालेले. विरघळणारा स्क्रू हे त्यांना विरघळणाऱ्या खांबासारखं वाटलं. दवाखान्यात सगळ्या भाऊबंदांसमोर ते म्हणाले, "लोखंड ते लोखंड. काल आलेल्या पोरीच्या नादाने पाय घालवू नका." तेव्हा रेवती पुढे होऊन म्हणाली होती, "आप्पा, मी सांगते तोच बसवा. जबाबदारी माझी."

"मला मात्र पटलं होतं," भाऊ म्हणाले. "आमी वेल बांधतो ना, ती केळीच्या सोपाने, वाळल्या सालपटाने. सुतळी नाय, तार तर नायच. तार वेलीला कापते. सोप पावसात कुजून गळून पडतो, तोवर वेल आपली आपण खांब धरते. मी आप्पाला बोललो, हे तसंच आहे."

"मग काय म्हणाले?"

"बोलला, तू माणूस आहेस की वेल?"

मी हसले, भाऊही हसले. पण मग त्यांनी उशीखालून एक्स-रे काढला आणि उजेडात धरला. अलीकडचाच होता. स्क्रूच्या भोवती काळपट वर्तुळ दिसत होतं, बोटाने दाखवता येईल असं. तपासणीला हा काढला तेव्हा मोठे डॉक्टर रजेवर होते. जो होता त्याने "पुढच्या वेळी सरांना दाखवा" म्हणून हातात दिला. घरी आप्पांनी तो बघितला आणि निकाल देऊन टाकला, स्क्रू हाडाआधीच विरघळला, आत पोकळी झाली. आळीत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो एक्स-रे दाखवून झाला होता.

"काही नाही" म्हणजे काय, ते मला त्या काळ्या वर्तुळात दिसलं. भाऊंचा पाय नीट झाला नाही, तर त्या घरात उठता-बसता एकच वाक्य ऐकू येणार होतं, आणि ते माझ्या लेकीला जन्मभर ऐकावं लागणार होतं. नवरा समुद्रात. बाजूने बोलायला कुणी नाही.

बाजारात

दुसऱ्या संध्याकाळी रेवती बँकेतून आली ती सुकलेली. मी म्हटलं, चल, मला तुझं गाव दाखव. देवळापाशी टेकलो, तळ्यावरून चक्कर मारली आणि बाजारात शिरलो. तिथे कोळशावर भाजलेल्या कोंबडीचा वास आला आणि माझे पाय आपोआप थांबले.

"भुजिंग," रेवती म्हणाली. "आगाशीला येऊन भुजिंग न खाता गेलीस तर लोक मला हसतील."

कोंबडीचे भाजलेले तुकडे, बटाटा, हिरव्या मिरचीचा ठसका, आणि हे सगळं पोह्यांत कालवलेलं. आमच्याकडे पोहे म्हणजे सकाळचे आणि सोवळे. त्यांना कोंबडीबरोबर नांदताना मी प्रथमच पाहिलं, आणि बरं नांदत होते. मुख्य म्हणजे त्यात मीठ होतं. मी दुसरी प्लेट मागवली. खाता खाता माझं गणित सुटत गेलं. या गावाला मीठ माहीत आहे, आवडतं, परवडतं. मग ते नेमकं त्या एकाच घरातून गेलंय, आणि माझी लेक ते गुपचूप गिळतेय.

"तुझी सासू तुला असंच जेवायला घालते?"

"अगं, भाऊंचं बीपी आहे ना. ऑपरेशनपासून आईंनी सगळ्यांचंच मीठ कमी केलं."

"कमी? त्या घरात मिठाचा खडा नाही. शोधलाय मी."

"होते सवय." मग प्लेटकडे बघत ती म्हणाली, "त्या माझ्याशी बोलतच नाहीत गं हल्ली. आप्पा बोलतात ते बरं, निदान कळतं तरी. या नुसत्या गप्प. एक्स-रे बघितल्यापासून तर माझ्या डोळ्याला डोळा देत नाहीत. रविवारी भाऊंना उभं करायचंय, आणि मला इतकी भीती वाटतेय."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. कुसुमताईंबद्दल त्या क्षणी माझ्या मनात जे आलं, ते शाळेत मुलांनी म्हटलं असतं तर मी वर्गाबाहेर काढलं असतं.

चटणी

तिसऱ्या दिवशी रेवती बँकेत गेली, कुसुमताई विहिरीकडे. भाऊंनी हळूच विचारलं, "विहीणबाई, तुमच्या पिशवीतून लसणाचा वास येतो काय?"

नाक शाबूत होतं म्हणायचं. बाकी त्यांचं काही मला बरं दिसत नव्हतं. पहिल्या दिवशी गमती करणारा हा माणूस आता बोलता बोलता थांबे, काय बोलत होतो ते विसरे, दुपारभर झोपून राही. मी समजले, जेवण जात नसेल. जाईल कसं? मी भाकरीवर चांगली ढीगभर चटणी घालून दिली. भाऊंनी डोळे मिटून घास घेतला. आणि नेमक्या कुसुमताई मागच्या दाराने आल्या.

त्या ओरडल्या नाहीत. पुढे आल्या आणि नवऱ्याच्या हातातून पान काढून घेतलं.

"ताई, तुमी पाहुण्या. तुमाला काय बोलणार. पण यांना हे देऊ नका."

"बोटभर चटणीने काय होतंय?"

"होतं," त्या म्हणाल्या. "तुमाला नाय कळायचं."

मी साताऱ्याची. तोंडाशी आलेलं परत गिळायची मला सवय नाही. पण लेकीचं घर होतं, म्हणून गिळलं. दिवसभर आम्ही दोघी एका घरात दोन भिंतींसारख्या वावरलो.

रविवार

रविवारी सकाळी वॉकर आणला. आप्पा खुर्ची घेऊन ओटीवर आले, मागून आळीतले दोघे-तिघे. एका बाजूने रेवती, दुसऱ्या बाजूने मी. भाऊंनी वॉकर धरला, कण्हत कमरेतून वर आले, डावा पाय जमिनीला टेकला, आणि तेवढ्यात त्यांचा चेहरा पांढरा पडला. अंग घामाने थबथबलं. "सगळं फिरतंय," असं म्हणत ते मागे कॉटवर कोसळले. रेवतीकडे बघून त्यांनी भलत्याच नावाने हाक मारली. ते त्यांच्या बहिणीचं नाव होतं, जाऊन वर्षं झालेल्या.

आप्पा उठले. "विरघळला. मी बोललो होतो ना. पाय धरतच नाय त्याचा." मग रेवतीकडे वळून म्हणाले, "आता घे जबाबदारी."

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. पण भाऊंचं लक्षण पायाचं नव्हतं, हे मलाही दिसत होतं. मी म्हटलं, "आप्पासाहेब, भांडण आल्यावर करू. आधी गाडी बोलवा." आप्पांनी लगेच बोलावली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. वाटेत रेवती भाऊंचा हात धरून बसली होती. कुसुमताई पुढच्या सीटवर होत्या, त्यांनी एकदाही मागे बघितलं नाही.

विरारचा दवाखाना

डॉक्टर रजेवरून आले होते. रक्त घेतलं, नवा एक्स-रे काढला, आणि बऱ्याच वेळाने त्यांनी आम्हाला आत बोलावलं. आप्पाही आले.

"पाय उत्तम आहे," ते म्हणाले. "हाड जुळलंय."

आप्पांनी काळ्या वर्तुळावर बोट ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "हा स्क्रू विरघळताना थोडा वायू सुटतो. ती त्याची सावली आहे. असं दिसणारच, हळूहळू जातं. तुम्हाला हे आधीच सांगायला हवं होतं, ते आमच्याकडून राहिलं." मग त्यांनी दुसरा कागद घेतला. "चक्कर येतेय, भ्रम होतोय, तो यामुळे. अंगातलं मीठ फार खाली गेलंय. बीपीच्या गोळीने थोडं जातं, घामाने जातं, पण एवढं? जेवण कसं आहे यांचं?"

मी कुसुमताईंकडे बघितलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"मी बंद केलं," त्या म्हणाल्या. "मीठ. ऑपरेशनपासून."

"बीपीसाठी?"

"नाय. तुमीच बोलला होता, अंगात खारं पाणी असतं, त्यात तो स्क्रू विरघळतो. आमच्याकडे खारं वारं खिडकीचे गज खाऊन टाकतं. दाराचा कोयंडा दोन पावसाळे टिकत नाय. मी बोलले, खारं कमी केलं तर सावकाश विरघळेल. हाडाला तेवढा वेळ भेटेल. घरात मीठ ठेवलं की हे चोरून खातात, म्हणून बरणीच देऊन टाकली."

मला वाटलं, डॉक्टर हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, की खाल्लेल्या मिठाने स्क्रूला काही होत नाही, अंग आपलं पाणी हवं तेवढंच खारं राखतं. मीठ आता सलाइनमधून हळूहळू भरून काढू, गोळी बदलू, दोन-तीन दिवसांत माणूस ताजा होईल. वेळेवर आणलंत, असंही म्हणाले. कुसुमताई मान हलवत राहिल्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

बाहेर बाकावर आम्ही तिघी बसलो. रेवतीने सासूला विचारलं, "आई, मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तुला भ्या वाटतंय ते दिसत होतं. त्यात मी पण घाबरलेय, हे कशाला सांगू?"

"म्हणून बोलत नव्हता माझ्याशी?"

"बोलले असते तर रडले असते."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "ताई, तुमाला तीन दिवस अळणी खाऊ घातलं. लाज वाटत होती. पण खरं सांगते, मला पायाची एवढी भीती नव्हती. पाय नसता जुळला तर हे काठी घेऊन वाडीत फिरले असते. ही सगळ्यांसमोर बोलली होती, जबाबदारी माझी. मी सून म्हणून या घरात आले तेव्हा एकदा असंच बोलले होते, आणि माझं चुकलं होतं. ते अजून ऐकते. हिला नको ऐकायला."

सगळ्या घराने आठवडेच्या आठवडे अळणी जेवायचं, का, तर सुनेचा शब्द खाली पडू नये. आणि मी त्यांच्यावरच दावा मांडून बसले होते. मी त्यांचा हात धरला आणि मलाच रडू फुटलं.

ओटीवर

भाऊ घरी आले ते गमती घेऊनच. पहिल्या जेवणाला कुसुमताईंनी खाऱ्या बोंबलाची चटणी केली, पानात मीठ वेगळं वाढलं आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसल्या. माझं परतीचं तिकीट काढलेलं होतं, ते मी बदललं. उभं राहणं बघितल्याशिवाय जाणं मला जमलं नसतं.

भाऊ पुन्हा उभे राहणार होते त्या सकाळी वाडीत पाणी सोडलं होतं, पानवेलीखाली थंड वास येत होता. आप्पा पुन्हा खुर्ची घेऊन आले. या वेळी काही न बोलता त्यांनी वॉकर स्वतः धरून ठेवला. भाऊंनी श्वास घेतला, वर आले, डावा पाय टेकला. थांबले. मग त्यावर अंगाचा सगळा भार टाकला आणि उजवा पाय उचलून पुढे ठेवला. आळीतली माणसं वाकून वाकून त्या घोट्याकडे बघत होती. आप्पा तर जवळजवळ गुडघ्यावर आले होते.

कुसुमताई पायाकडे बघत नव्हत्या. त्या रेवतीच्या तोंडाकडे बघत होत्या. मला ते दिसलं, कारण मीही तिथेच बघत होते.